आज जाळण्याचा दिवस नाही

सकाळी सात वाजता मी यंत्रात बोलते:
"हॅगर्टी खोरं, अग्निशमन जिल्हा. आज मंगळवार.
वारा नैऋत्येचा, हवेत ओल चौदा टक्के.
आज जाळण्याचा दिवस नाही."
मग बटण सोडते, कॉफी ओतते.
अकरा वर्षं माझा आवाज
दोनशे चाळीस घरांच्या कानात
नाही म्हणतो आहे.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे भोंगा आणि लाल गाडी.
गाडी वर्षातून नऊ-दहा वेळा निघते,
त्यातही दोनदा कुणाची तरी गाय ओढ्यात रुतलेली असते.
बाकी दिवस आम्ही
चिमणीचा ब्रश उसना देतो
(ऑर्विल, मागच्या हिवाळ्यातला तुझ्याकडेच आहे),
गुरुवारी रक्तदाब मोजतो,
म्हाताऱ्यांच्या छताला धूर हुंगणारी डबी ठोकतो,
आणि फाटकावर घराचा आकडा लावतो,
निळ्यावर पांढरा,
अंधारात, घाबरलेल्या माणसालाही वाचता येईल एवढा.

नियम मी झोपेतही म्हणेन.
परवाना फुकट, पण हवाच.
ढीग चार फूट रुंद, तीन फूट उंच,
वर एक काडी नको.
भोवती मातीपर्यंत खरवडलेलं रिंगण.
फावडं, पाण्याची नळी, आणि एक माणूस,
जो जेवायलासुद्धा घरात जाणार नाही.
जाळायचं ते फक्त जमिनीतून उगवलेलं:
फांद्या, पाला, पाईनच्या सुया.
टायर नाही. रंगवलेलं लाकूड नाही. गादी नाही.

गादी नाही, हे मी वेन्डेलला कधी सांगितलं नव्हतं.
सख्ख्या भावाला काय सांगायचं?

ऑगस्टची एकोणीस. जाळबंदीचा चाळिसावा दिवस.
दुपारी तीनला रिज रोडवरून धूर, काळा.
काळा म्हणजे पाला नव्हे, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं.
रेडिओवर आकडा मीच वाचला: चार, सात, एक, शून्य.
पाटीही मीच ठोकली होती.

तो मागच्या अंगणात उभा होता, रिकाम्या हातांनी.
आईची गादी पेटलेली, स्प्रिंगा लाल,
आणि कुंपणापलीकडे गुडघाभर गवत,
पापडासारखं वाळलेलं.
"दीड वर्षं खोलीत होती," तो म्हणाला.
"आज उचलवली."
डस्टीने पाणी सोडलं. वाफ, काजळी, आणि तो वास.
त्यात मला आई ओळखू आली नाही.
बरं झालं.

दंडाची पावती मी लिहिली.
नाव लिहिलं. आडनावाशी पेन अडलं.
"स्पेलिंग येतं ना?" त्याने विचारलं,
आणि आम्ही दोघं हसलो, वाईट हसलो.
डस्टी पाठ करून नळी गुंडाळत राहिला,
गुंडाळून झाल्यावरही.

महिनाभर बोलणं नव्हतं.
सप्टेंबरात निधीसाठी पॅनकेकची न्याहारी ठेवली,
तेव्हा तो आला, न विचारता तव्यापाशी उभा राहिला.
पहिले सहा करपवले.
कुणीही विनोद केला नाही,
आणि या खोऱ्यात याहून मोठा मान नाही.

ऑक्टोबरची सोळा. ओल बासष्ट टक्के, वारा नाही.
यंत्रात म्हणाले, "आज जाळण्याचा दिवस आहे,"
आणि आहे हा शब्द जिभेला जड लागला,
कपाटातून काढलेल्या कोटासारखा.

साडेसातला फोन.
"परवाना हवा होता," वेन्डेल म्हणाला,
अनोळखी माणसासारखा, पत्त्यासकट.
काय जाळणार?
"आईची लायलॅक. मुळापासून वठली."
थांबला. "उगवलेलीच आहे."
रिंगण? "खरवडलंय." नळी? "लांबते तिथवर."
माणूस?
"मी आहे." मग जरा वेळाने,
"दोन लागतात का?"

नियमात एकच लागतो, मी सांगितलं.
अर्जावर शिक्का मारला, यंत्र तपासलं,
आणि स्टेशनचं फावडं भिंतीवरून काढलं.
राख हाताला गार लागेपर्यंत
निघायचं नसतं.
त्याला रात्र होते.