बी-सतरा

संकेश्वरच्या साखर कारखान्यामागं
चिपाडाचा ढीग धुमसतो, न पेटता.
भरमाण्णानं कोपरापर्यंत हात आत घातला
आणि झटकन ओढून घेतला.
"चूल हाय ही, ताई. हितं आत कोण ऱ्हाईल?"

बघू, म्हटलं.
आईच्या चहाच्या थर्मासात चमचाभर भरून घेतलं
आणि बेळगावची बस पकडली.

साठ अंशांवर आगर सुकतं,
पापडासारखं तडकतं.
तीन आठवडे नुसते पापड.
मग सुचलं, इन्क्युबेटरात पाण्याची वाटी ठेवावी,
देवापुढं ठेवतात तशी.
ही मात्र रोज रिकामी व्हायची.

बी-एक ते बी-सोळा:
काही मेले, काही नुसतेच जगले.
सतराव्यावर आयोडीन ओतलं तशी
सगळी बशी निळीकाळी झाली,
त्याच्याभोवती तेवढं गोल स्वच्छ राहिलं,
चंद्राला खळं पडावं तसं.
सवदत्ती मॅडमनी पट्टी लावली. अठरा मिलिमीटर.
"छलो आतु," म्हणाल्या. "आता वाढव."

गूळ दिला.
फ्लास्क गढूळला, गोतावळा बेसुमार,
एन्झाइम जवळजवळ नाहीच.
आयतं मिळाल्यावर कोण कशाला चावत बसेल?
गूळ बंद केला. कोंडा दिला,
मग शहापूरच्या गिरणीतली झाडलोट,
फुकटची, पिशवीभर,
वर चिमूटभर कॅल्शियम.
एका बदलाला वहीचं एक पान.
एकदा घाईत दोन बदल एकत्र केले,
आकडा दुप्पट आला
आणि कुणामुळं ते कळेना.
ते पान फाडलं नाही.
त्यावर फक्त "मूर्ख" असं लिहिलंय.

मार्चात एका रात्री वीज गेली.
शेकर थांबला, फ्लास्क कोमट होत चालले.
पार्श्वण्णा कंदील घेऊन आला.
"काय शिजवूलालीस ग एवढ्या रात्री?"
सांगितलं. तो गेला, स्वतःची घोंगडी घेऊन आला.
फ्लास्क तिच्यात गुंडाळून
आम्ही दोघं हातानं हलवत बसलो,
तो कानडीत मोजत, मी मराठीत,
साठाला पोचलो की हात बदलायचा.

सकाळी तपासलं.
साडेचारशे होतं ते तीनशे दहावर आलेलं.
घोंगडीनं चमत्कार केला नाही.
बी-सतरा मेला नाही, एवढंच.

जूनमध्ये आकडा हजारावर गेला.
त्या दिवशी मी एक बाटली वडगावला घरी नेली.
अप्पा चाळीस वर्षं मागावर.
खळ काढायच्या आम्लानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा
कधीच पुसून टाकल्यात.
बादलीत कढत पाणी, त्यात बाटलीतलं थोडं,
त्यात पत्र्यासारखं ताठ हातभर कापड.
वीस मिनिटं कुणी बोललं नाही.

मग अप्पांनी ते पिळलं, दोन बोटांत चोळलं.
"गेली की खळ," म्हणाले,
आणि कापड काही हातातनं सोडेनात.