दोन थेंब राखून

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
आउलिस येतो साडेपाचला,
बुटांवरचा बर्फ दाराशी ठोकून काढतो
आणि नव्या संचातली निळी पानं तेवढी मागतो.
लाल-हिरव्याकडे ढुंकूनही बघत नाही.
ती आपली किंमत आपणच ओरडून सांगतात, म्हणतो.

त्रेचाळीस पानं.
चौकटीची वही, बोथट पेन्सिल, पाचपैकी गुण.
मी गल्ल्यामागून बघतो.

'धुक्यातला नावाडी': चार थेंब मोजा, दोन पानं उचला.
महाग. दीड.
'बर्फाखालचा आरसा': चित्र सुरेख.
चित्राला गुण नाहीत.
'आंधळी वाम': एक थेंब, एक बळ, बाकी काही नाही.
एक. तोही तिच्या डोळ्यांकडे बघून.
'दुसरा विचार': दोन थेंब.
समोरच्याने टाकलेलं पान
टाकलंच नव्हतं असं धरा.

इथे तो पेन्सिल खाली ठेवतो, कॉफी मागतो.
साडेचार.
अर्धा कापला, कारण उशिरा हाती आलं
तर नुसता कागद.

दिवसा तो लिफ्ट तपासतो,
दवाखान्यांच्या, वसतिगृहांच्या, बंदरावरच्या गोदामांच्या.
एकोणीस वर्षांत एकही पडली नाही
आणि न पडलेल्या लिफ्टसाठी
कुणी त्याचा हात हातात घेतलेला नाही.
निळ्याचं असंच, म्हणतो.
जे घडलं नाही त्याला गुण द्यायचे कसे?

इथल्या भाषेत नकार हे क्रियापद आहे.
मी म्हणताना एन, तू म्हणताना एत, तो म्हणताना एइ.
माणूस बदलला की नकार बदलतो,
आपल्या नाही, नाहीस, नाहीत सारखाच.
मला ही भाषा तिथूनच पहिल्यांदा कळली,
बाकी अजून कळतेच आहे.

शनिवारी शाळेच्या जेवणघरात सव्वीस जण.
शेवटून दुसरी फेरी.
समोर केमीहून बसने आलेली केर्त्तू, वय पंधरा,
पानांच्या पिशव्या ओरखड्यांनी पांढरट,
नाक वाहतंय, रुमाल नाही.
तिने पहिल्याच खेपेला वाम टाकली.

आउलिसच्या हातात 'दुसरा विचार' होता.
एका गुणावर साडेचार कोण उधळतं?
"चालेल," तो म्हणाला.

मग वाम चावत राहिली.
एकाने. पुन्हा एकाने.
आणि दर खेपेला केर्त्तू
दोन थेंब उभे ठेवून हात टेबलावर पालथा घालायची,
खिडकीबाहेर बघायची.
तिकडे फक्त सायकली होत्या, बर्फाने जाड झालेल्या.

आउलिसकडे एक देवमासा होता, सात थेंबांचा,
पडला असता तर डाव तिथेच संपला असता.
त्याने तो तीनदा उचलला,
तीनदा हातात परत खोचला.
त्या दोन उभ्या थेंबांकडे बघून.
मी मोजत होतो. वाम मोजत होती.

संपल्यावर त्याने विचारलं,
"दुसरा विचार किती होते तुझ्याकडे?"
केर्त्तूने हात उलटा केला.
तीन तळी, रिकामी, पाण्याची.
"एक पान अठरा युरोला आहे," ती म्हणाली
आणि बाहीने नाक पुसलं.

म्हणजे नकार कुणी दिलाच नव्हता.
तिच्या वाटचाही त्यानेच दिला होता, तीनदा,
स्वतःला, प्रथमपुरुषी.

मंगळवारी आला. बर्फ ठोकला.
वही उघडून वामेच्या एकावर बोट ठेवलं,
बराच वेळ.
"एक बरोबरच आहे," म्हणाला.
मग त्रेचाळीसच्या खाली एक रेघ ओढली,
किंमत लिहिली: दोन थेंब.
नावाची जागा कोरी.
गुणांच्या रकान्यात पेन्सिल टेकवली, उचलली,
टेकवली.

कॉफी गार होत होती.
मी दुसरी ओतली नाही,
विचारलंही नाही.