निरोप

रविवारी सुतारवाडीहून चालतच येते.
पेशींना रविवार नसतो.
पाषाण तलावावर धुकं, आत कुठेतरी शेकाट्या भांडतायत.
गेटवर घोलपकाका मफलरमधून सांगतात,
"मॅडमचा निरोप आहे, गॅसचा सिलिंडर बघून घ्या."
बघते. काटा लालच्या जरा अलीकडे.
चालेल उद्यापर्यंत.

सदतीस अंशांच्या पेटीत, गुलाबी पाण्याखाली
उंदराच्या पेशींची सतरंजी,
तिच्यावर गोल गोल, अजून कुणीच नसलेल्या पेशी.
मज्जेतून निघाल्या तेव्हा त्यांचं काही ठरलेलं नव्हतं.
अंगात असत्या तर छातीच्या हाडामागे, थायमसमध्ये गेल्या असत्या.
तिथे शेजारीण हात लावते.
लांबून हाक चालत नाही, हातच लावावा लागतो.
त्या स्पर्शाने एक प्रथिन तुटतं,
तुटलेला तुकडा केंद्रकापर्यंत जातो
आणि पेशी टी होते.
हात लागला नाही तर बी.
एवढंच.
माझ्या बहिणीचं लग्नसुद्धा याहून जास्त चर्चेने ठरलं.

दुसरा निरोप पाण्यातून येतो, इंटरल्युकिन-सात.
मजकूर दोन शब्दांचा: आज तगा.
म्हणून तो रोज यावा लागतो.
इथे तो मी सोडते, पिपेटने,
उणे ऐंशीतून काढून, बर्फावर धरून.

अंगात तर शंभरातल्या पंच्याण्णव जातातच.
आपल्याकडे निघताना "येते" म्हणतात.
त्या काही म्हणत नाहीत,
स्वतःची घडी घालतात, शेजारणी उरलंसुरलं उचलतात.
निरोप मिळाला नाही की निरोप.
एकाच शब्दात दोन्ही कसं बसवलं माझ्या भाषेने,
शाळेत कोणी सांगितलं नाही.

नळी पी-सतरा.
नावं आम्हाला कळू नयेत असा नियम आहे,
पण स्टेशनजवळच्या रुग्णालयातलं कुणीतरी
जुनं लेबल सोलायला विसरलं:
बेबी ऑफ संजीवनी ढमाले, सात महिने.
पडद्यावर बी पेशींचं दाट गाव,
टी पेशींच्या चौकोनात पांढरं.

बाळाच्या अंगात निरोप होता.
भरपूर होता, घेणारं कुणी नाही म्हणून साठत गेलेला.
दारांना कडीच नव्हती, वाजवणार काय?

तरी मी थेंब वाढवला.
पाचाचे दहा, दहाचे पन्नास.
प्रोटोकॉलमध्ये हे नाही. वहीत लिहिलं, खोडलं नाही.
बाराव्या दिवशी तस्लीमच्या नळीत गर्दी,
माझ्या तळाशी धूळ.

दसऱ्याच्या सुमारास थोरल्या भावाची मज्जा दिली.
चार वर्षांचा आहे म्हणे,
बदल्यात त्याने सायकल मागितली, घंटीवाली.

काल संध्याकाळी नवी नळी आली.
पांढऱ्या चौकोनात चौदा ठिपके.
मॅडम म्हणाल्या, चौदा म्हणजे काही नाही,
यंत्र शिंकलं तरी चौदा येतात.
बरोबर आहे त्यांचं.
मी पुन्हा मोजले.

संजीवनीबाईंचा नंबर माझ्याकडे नाही,
असता तरी लावायचा नसतो.

पेटीचं दार लावताना
आत कुणाला तरी म्हणाले, येते.
गेटवर घोलपकाका: "मॅडमना काय सांगू?"
सांगा, सिलिंडर उद्यापर्यंत.
बाकीचं पुढच्या महिन्यात.