एक बोट जागा

खानापुरात, रेल्वे गेटच्या अलीकडं माझं शेड.
मंगळवारी दुपारी बोलेरो आली,
जनावरांच्या डॉक्टर, तनुजा हलगेकर.
म्हणाल्या, दुसरी बॅटरी बसवून द्या,
मागं लसींचा फ्रीज ठेवलाय,
इंजिन बंद केलं की तो गाडीचीच बॅटरी पितोय.
परवा आमगावात रात्री एकला गाडी ढकलली,
मी, कंपाउंडर, आणि जिच्यासाठी गेलो तिचा मालक.
म्हैस बघत होती.

बॉनेट उचललं.
इरप्पा वाकला, टॉर्च फिरवला, म्हणाला,
"जाग इल्ल, अण्णा."
जागा आमच्याकडं दोन्हीकडं जागाच.
नाही म्हणायला तेवढे दोन शब्द.

खरंच नव्हती.
एअर फिल्टर फुगून बसलेला, कूलंटची बाटली,
सायलेन्सरचा बेंड, ज्याच्या शेजारी काही ठेवायचं नाही,
आणि वायरी.
आधीच्या तीन मालकांची तीन मतं, सगळी वायरीत.
एकानं फॉगलाइट लावले होते, दिवे गेले, रिले राहिला.
एकाचा सायरन, मुका.
एक जोड तर गजऱ्याच्या दोऱ्यानं बांधलेला,
कुणी, कुठल्या घाटात, कुणाच्या केसातला काढून,
कळायला मार्ग नाही.
तो मी तोडला नाही लगेच. जरा वेळ बघितलं. मग तोडला.

संध्याकाळपर्यंत काढतच होतो.
काढलेलं तराजूत टाकलं: सव्वा किलो.
वॉशरची बाटली उचलून मडगार्डच्या पोटात सरकवली
तेव्हा खाली रंग दिसला,
कंपनीतून आला तसा, कोरा, पांढरा,
वीतभर लांब.

खोक्याचा पुठ्ठा कापून बॅटरी केली.
बसली. पण बॉनेट मिटल्यावर वर किती उरतं
ते मिटल्यावर दिसणार कसं?
शेजारच्या यल्लूबाई कुंभारणीकडं गेलो, गोळाभर माती द्या.
म्हणाली, "गाडीला चूल घालतोस काय रे?"
पुठ्ठ्याच्या डोक्यावर गोळा ठेवला,
बॉनेट सावकाश दाबलं, परत उचललं.
मातीवर पत्र्याच्या फासळीचा ठसा,
आणि खाली जाडी: एक बोट.
करंगळी नव्हे, मधलं.
इरप्पानंही आपलं बोट लावून बघितलं.
त्याचं जरा जाड आहे. तरी बसलं.

मग सोपं होतं, म्हणजे वेळखाऊ.
साठ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत,
हे चुकलं तर बाकी सगळं शोभेचं.
वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच;
पत्रा रोज थोडं थोडं चावतो,
जंगलातल्या रस्त्यावर तर लवकर पोट भरतं त्याचं.
दोन बॅटऱ्यांच्या मधे आयसोलेटर:
इंजिन चालू असेतोवर दोघींनी वाटून घ्यायचं,
बंद झालं की जिनं तिनं आपलं राखायचं.
आमच्या घरात आई आणि बायकोच्या मधे
हा पुर्जा बावीस वर्षं मी होतो.
तापायचो फार.

फ्यूजवर टेप लावून मी लिहिलं, फ्रीज.
खाली इरप्पानं तेच कन्नडात लिहिलं.
पुढं उघडणारा मिस्त्री कोण असेल काय सांगावं,
आणि रात्र असेल.

शुक्रवारी पहाटे फोन वाजला, कणकुंबीहून.
आवाज तुटत होता. "सुरू झाली," एवढंच ऐकू आलं.
गाडी म्हणत होत्या की आणि काय, विचारलं नाही.

मातीची ती चकती यल्लूबाईनं कौलांबरोबर भट्टीत घातली,
न विचारताच.
आता माझ्या बिलबुकावर वजन म्हणून असती.
गिऱ्हाईक उचलून बघतं, पालथं करतं, हे काय म्हणून.
मी म्हणतो, बोलेरो.

वॉशरची बाटली मात्र तिरकी बसली,
अर्धीच भरती.
चोर्ल्याच्या लाल धुळीत बाईंना उतरून
काच पदरानं पुसायला लागती.
तेवढं राहिलंच.