कळवू तुम्हाला

चर्चच्या तळघरात, बिंगोच्या टेबलांवर,
मंगळवारी आणि गुरुवारी आम्ही नोकरी मागायला शिकतो.
हीटर खोकतो. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचे फुगे
अजून दोऱ्याला लोंबताहेत, अर्धे.

आज खोटी मुलाखत.
सेंट जॉन्सहून येणारी कोवळी मास्तरीण म्हणते,
समजा, तुम्ही एकमेकांना ओळखत नाही.
सगळं तळघर हसतं.
या बंदरावर उरलोय एकशे बारा माणसं.
न ओळखण्याइतकं लांब कुणी राहतच नाही.

माझा साहेब झालाय सायलस पार्डी.
समोर बसतो, उसन्या टायची गाठ चाचपत.
(टाय माझ्या नवऱ्याचा.
पुरताना त्याला दुसरा घातला होता.)

'नाव?'
तिसरीत माझ्या वेणीला यानंच डांबर फासलं होतं.
'व्हर्ना ब्लॅग्डन.'
'बसा, बाई. स्वतःबद्दल सांगा.'

काय सांगू, सायलस?
माझा भाऊ परतला नाही त्या रात्री
धक्क्यावर कंदील धरून उभा तूच होतास.
मी म्हणते, मेहनती आहे. वेळेवर येते.
मिळूनमिसळून काम करते.
हे मास्तरणीनं फळ्यावर लिहून दिलंय.
खोटं नाही त्यातलं काही,
तरी नव्या बुटासारखं चावतं.

'अनुभव?'
एकतीस वर्षं कॉड सोलला.
सुरी मानेखाली घालायची, कण्याला धरून न्यायची,
डोळे मिटून. हाड हातालाच ऐकू येतं.
हे कुठल्या रकान्यात?
'हस्तकौशल्य' लिहा, मास्तरीण सुचवते.
लिहिते.
रकान्यात जागा उरते बरीच.

'आधीची नोकरी का सोडलीत?'

आता कुणी हसत नाही.
हीटरसुद्धा दम धरतो.
मी नाही सोडली, मी म्हणते.
मासा गेला.
मग कारखाना गेला, घासूनपुसून,
गटारात एक खवलाही मागे न ठेवता.
सायलस मान खाली घालतो.
पेन हातात, पण लिहीत काही नाही.
त्याची जाळी अजून शेडमध्ये टांगलीत,
त्यांत आता कोळी राहतात.

मास्तरीण जवळ येऊन हळूच सांगते
(पोर वाईट नाही,
आमच्यासाठी बर्फातून चार तास गाडी हाकते),
'असं म्हणायचं: नव्या आव्हानाच्या शोधात आहे.'

नव्या आव्हानाच्या शोधात आहे, मी म्हणते.
पुन्हा. जरा हसून. पुन्हा.
तिसऱ्या खेपेला वाटतं,
मासाही हेच म्हणून गेला असेल.

सायलस उठतो, हात पुढे करतो.
पन्नास वर्षांत आम्ही कधी हात मिळवला नव्हता.
दोर ओढले होते एकत्र, बर्फ उपसलं होतं,
एकदा शवपेटीही उचलली होती.
तळव्याला तळवा लागतो, खरखरीत.
'कळवू तुम्हाला,' तो म्हणतो.
मास्तरीण एकटीच टाळ्या वाजवते.

रात्री नऊच्या सुमाराला मागच्या दारी
बूट आपटल्याचा आवाज.
टाय घडी घालून आणलाय.
स्टोव्हपाशी टेकतो. चहाला हो म्हणत नाही,
नको म्हणत नाही, म्हणून मी ओतते.
'कळवायला आलोय,' म्हणतो.
संध्याकाळी अल्बर्टाहून फोन आला, मुलाखत फोनवरच झाली.
तेलाच्या कामावर. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी.
सोमवारी विमान.

बाहेर धुकं इतकं, की त्याचं घर
रस्त्यापलीकडे आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

'आणि काय सांगितलंस त्यांना,' मी विचारते,
'आधीचं काम का सोडलं त्याचं?'

सायलस बराच वेळ कपात बघतो.
'तुझं पहिलं,' म्हणतो.

टाय मी परत त्याच्या खिशात कोंबते.
गुरुवारी माझा साहेब कोण,
मास्तरणीला विचारायला हवं.