अकल्पित खर्चाचा रकाना

टेकडी आधी कागदावर उतरते.
मग मी तिच्यावर चढते, तिपाई खांद्यावर,
पायाखाली ओलं गवत, खाली आराउकोचं आखात
आणि मासळीच्या कारखान्याचा वास,
जो इथल्या कुणालाच येत नाही.

चौदा कुटुंबांनी मिळून घेतलेला उतार.
स्वस्त होता. का स्वस्त, ते पहिल्याच दुपारी कळलं:
वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत
अकरा मीटर चाळीसचा फरक,
आणि त्यातल्या प्रत्येक सेंटिमीटरला भाव.

दोन्या एर्मिंदा खजिनदार. बिस्किटांच्या डब्यात पावत्या,
समुद्रशेवाळ वाळवून वाळवून काळवंडलेली बोटं.
"किती?" एवढंच विचारते.
मी सांगते, वर खोदायचं, खाली भरायचं,
बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही न्यायचं नाही.
"म्हणजे घरातल्या घरात उसनवारी."
हो. पण माती व्याज लावते.
उकरली की फुगते, चार ट्रकांचे पाच होतात,
दाबली की रुसून बसते, पहिल्यापेक्षाही कमी.
तीन हजार दोनशे घनमीटर खोद,
दोन हजार आठशे ऐंशी भर:
रात्री दोनला हा मेळ जुळला तेव्हा
स्वयंपाकघरात एकटीनेच टाळी वाजवली मी.

मग सभा. शाळेतल्या बुटक्या खुर्च्या.
भरावावर कुणालाच राहायचं नाही.
खोदलेल्यावर राहावं तर पाठीशी ओली भिंत,
भरलेल्यावर राहावं तर रात्री
खाली काहीतरी सरकल्याचा भास.
जमीन हलते, हे या किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही.
ब्रिखिदा म्हणाली, चिठ्ठ्या टाका.
एलेउतेरिओ म्हणाला, आधी या बाईला विचारा,
हिचं घर कुठल्या ओळीत.
माझं घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावर. मी गप्प.

सगळं एका पातळीत आणायचा हट्ट तिथेच सोडला.
तीन पायऱ्या केल्या. मातीचा खर्च उतरला, भिंतींचा चढला,
तरी डब्यातल्या रकमेत बसेना,
म्हणून कुंपण खोडलं, दिव्यांचे खांब नवाचे पाच केले,
आणि सगळ्यात खाली लिहिलं: अकल्पित, दहा टक्के.
"हे काय?"
"जे मला माहीत नाही ते."
"त्याचेही पैसे?"
डब्याचं झाकण बराच वेळ तिच्या हातात होतं.

मार्चमध्ये, पावसाच्या आत,
नोल्बेर्तोने एक्स्कॅव्हेटर चढवला.
तिसऱ्या दिवशी बादलीचे दात
खडकावर करकरायचे, ते बुडाले.
झरा. त्याच्याभोवती निळी-करडी चिकणमाती,
साबणासारखी, भरावाला नालायक.
अकल्पिताचा रकाना चार वाजेपर्यंत संपला:
भोकांचे पाइप, खडी, दोन दिवसांचं डिझेल.
एर्मिंदाने पावती चार घड्या करून डब्यात टाकली
आणि मला चहा दिला. साखर विचारली नाही.

खालची पायरी अर्धा मीटर उतरवली. जुळलं.
चौदा जोती, चौदा चुन्याच्या चौकटी.
उरली फक्त ती चिकणमाती, सेहेचाळीस ट्रक.
वाहून न्यायला पैसे नाहीत,
तक्त्यात तिच्या नावाची ओळ नाही.
वळणावर ढीग घातला. 'तात्पुरता' असं लिहून
खाली मीच सही केली.

गेल्या महिन्यात दाखल्यासाठी गेले.
ढिगावर पायवाट पडलीय. माथ्यावर खुर्ची,
एक पाय मोडका, दगडाने सावरलेला.
एलेउतेरिओ बसतो म्हणे, बोटी मोजायला.
सवयीने तिपाई लावली.
ढीग साठ सेंटिमीटर बसलाय.
वहीत नोंद केली.
कशासाठी, ते एर्मिंदाने विचारलं नाही.