हेमांगीसाठी वेळापत्रक

बोट सातला धक्क्याला लागेल म्हणतात.
तू नऊ धर. बॅगा, शिक्के, रांग
आणि प्रभाकररावांचा गुडघा.
मुंबई सेंट्रलहून दीडची गाडी काढली आहे.
आधीचीही एक आहे,
पण धावत गाडी पकडायचं वय माझं सरलं,
आणि तू माझ्यामागे चारच वर्षं.

खिडकी तुझ्या नावावर.
भरूचला नर्मदा येईल, नाणं शोधू नकोस,
या डब्याच्या काचा उघडत नाहीत.
नुसते हात जोड.

विश्वामित्री गेलं की चपला पायात घाला.
एक नंबरवरून बाहेर या.
रिक्षावाला काळ्या घोड्याकडे निघाला तर सांग,
नाही, फतेहगंजवरून, हरणी, एअरपोर्ट.
काळ्या घोड्यावरून दांडिया बाजार लागतो.
तिकडे तुझं काही काम नाही,
तूच लिहिलंस तसं.

हॉटेलात चहा खोलीतच मिळतो, पाकिटातला.
विमान सकाळी सहा पन्नासचं.

छत्तीस वर्षं मालधक्क्यावर वाघिणी जोडल्या,
एक चुकीच्या रुळावर गेली नाही.
हा कागद मात्र तीनदा खोडला.

वृंदा आतून विचारतेय, मटकी किती भिजवू?
म्हटलं, रोजचीच.
तरी डब्याचं झाकण लागल्याचा आवाज
अजून आलेला नाही.

हां, एक राहिलं.
त्या हॉटेलचं बुकिंग संध्याकाळी सहापर्यंत
पैसे न कापता रद्द होतं.
गाडी इथे पोचते साडेसहाला.
भरूचला साडेपाच होतात.